खळीचं घोंगडं

१

पाटणला राहायला आल्यापासून माझा दिवस चपलेनं सुरू होतो. डाव्या हातात झाडू, उजव्या हातात चप्पल. आधी शिलाई मशीनच्या मागची भिंत, मग फॉलचे गठ्ठे, मग देव्हाऱ्यामागचं कॅलेंडर. कॅलेंडर उचललं की सुळकन पळते ती, चांदीच्या रंगाची, मागं तीन केस सोडलेली. कसर. काही लोकांना म्हणे ती नाजूक वाटते. अशा लोकांना मी डबाभर पाठवून देईन, वर कुरिअरचा खर्च माझा.

मी आटपाडीकडची. आमच्याकडं पाणी येत नाही म्हणून बायका भांडतात, इथं कोयनेकाठी पाणी भिंतीतून घरात येतं. पावसाळा लागला की मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही आणि कपाटातली साडी हाताला ओली लागते. त्यात ही बया. माझ्या गिऱ्हाइकांचे फॉल खाल्ले, कॉलरीचा कॅनव्हास खाल्ला, माझ्या लग्नपत्रिकेवरचा गणपती सोंडेसकट खाल्ला. कापूर झाला, लवंगा झाल्या, डांबराच्या गोळ्या झाल्या. वर राहणाऱ्या घरमालकीण साळूबाई काकू म्हणाल्या, कडुलिंबाचा पाला ठेव. ठेवला. त्या पाल्याखाली तिनं पिल्लं घातली.

माझा नवरा मल्हार लाइट बोर्डात वायरमन. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही इथं आलो, आणि गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांनाही गावाकडून घेऊन आलो. सासरे नानासो, मी त्यांना मामा म्हणते. सासूबाई धोंडुबाई, त्यांना आत्ती. दोघंही जन्मभर मेंढरांमागं चाललेली माणसं. मामांना विसरायचा आजार झाला, तेव्हा मेंढरं पुतण्याच्या ताब्यात गेली आणि मामा आमच्या मागच्या खोलीत आले. बरोबर काठी आणि काळं घोंगडं, एवढंच.

रोज दिवस मावळताना मामा भिंतीसमोर उभं राहून बोटानं मेंढरं मोजायचे. ओल येऊन भिंतीवर पांढरे पोपडे धरले होते, तीच त्यांची मेंढरं. शेवटी मान हलवायचे.

"एक कमी हाय."

"आवं मामा, सगळी हायत. जेवा आता."

"न्हाई गं. एक ऱ्हायलंय मागं. गारठ्यात ऱ्हायलंय."

आणि मग घास तोंडात जायचा नाही. आत्ती त्यांना लहान पोरासारखं भरवायच्या, मी तोंड फिरवून मशीनवर बसायचे. वाईट वाटायचं हो. पण करणार काय?

भांडण आमचं घोंगड्यावरून. विणताना घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ते ताठ राहतं, पाऊस झेलतं. आत्ती जुन्या घोंगड्यालाही वरून खळ द्यायच्या. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, आणि कुंच्यानं फासायचे. आटपाडीच्या उन्हात ते तासाभरात खडखडीत वाळायचं. इथं? इथं ते दोन-दोन दिवस ओलं, आणि कसरीला आयतं पंगतीचं जेवण. ती खळ चाटूनपुसून खायची, घोंगडं मऊ पडायचं, की आत्ती पुन्हा खळ द्यायच्या.

"आत्ती, तुमी कसर पोसताय!"

"मग काय मऊ घोंगडं पांगरू त्येला? खळ न्हाई ते घोंगडं न्हवं, चिंधी हाय ती."

"आवं, हे आटपाडी न्हवं!"

"त्ये मला दिसतंय की," म्हणायच्या आणि चिंचोके भिजत घालायच्या. मी हात टेकले.

२

भाद्रपद संपत आला होता. गावाकडं ह्या दिवसांत मेंढरं बाहेर काढायची बोलणी सुरू होतात. मामांचं डोकं विसरलं होतं, पाय विसरले नव्हते. सारखे दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

त्या दिवशी सकाळी आत्तींनी घोंगड्याला खळ दिली होती. मागच्या खोलीत लोखंडी कॉटवर पसरून वर पंखा लावला होता. मामांनी आत येऊन त्यावर हात ठेवला.

"वलं हाय," एवढंच म्हणाले.

मी पुढच्या खोलीत एका बाईचं ब्लाउजचं माप घेत होते. आत्ती बाथरूममध्ये कुंचा धूत होत्या. माप झालं, बाई गेली, चहा टाकला, मामांचा कप घेऊन आत गेले. कॉटवर घोंगडं. मागचं दार सताड उघडं. काठी नाही, वहाणा नाहीत.

आता हे समजून घ्या. घोंगड्याशिवाय मामा संडासालासुद्धा जायचे नाहीत. चैत्राच्या उन्हातही ते खांद्यावर असायचं. ते कॉटवर पडलेलं बघितलं आणि कप तिथंच ठेवून मी बाहेर धावले.

स्टँड बघितलं, बाजार बघितला, नदीचा घाट बघितला. मल्हार आणि त्यांच्याबरोबरचे वायरमन शंभूराज मोटारसायकलवर मलकापूरपर्यंत जाऊन आले. पोलिसांत कळवलं. सगळ्या ग्रुपवर फोटो फिरला आणि खाली लोकांचे हात जोडलेले. त्यानं काय होतं? पाऊस बारीक लागला होता, थांबेना, वाढेना. इथला पाऊस असाच. म्हाताऱ्या माणसाच्या हाडापर्यंत जातो.

आत्ती रडल्या नाहीत. दारातच बसून राहिल्या, कुंचा तसाच हातात.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हार पुन्हा बाहेर पडले. मी झाडू आणि चप्पल घेऊन मागच्या खोलीत गेले. हसू नका. डोकं चालत नाही तेव्हा हात रोजचं काम शोधतात.

घोंगडं कसरीनं खाल्लं होतं. मला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला. कडेचा भाग मऊ, लोळागोळा. उचलून झटकावं म्हणून मधे हात घातला तर मधे ताठ लागलं. खळ शाबूत.

खळ असते तिथं लोकर जरा करडी दिसते, खाल्लेली जागा काळीभोर. मी दिवा लावला. काळ्याच्या मधे करडा डाग होता, कॉटभर लांब. मी त्याच्या कडेनं तळवा फिरवत गेले आणि माझा तळवा खांद्यावर येऊन थांबला.

खांदाच म्हणते मी. बारा वर्षं लोकांचे खांदे मापतेय. कपड्यावर काढलेला खांदा आणि डाग ह्यातला फरक मला कुणी सांगायला नको. आणि हा तर मी ओळखत होते. मामांच्या बंड्या मीच शिवते. आयुष्यभर त्या खांद्यावर कोकरू नाहीतर काठी, त्यामुळं त्यांचा डावा खांदा उतरलेला. प्रत्येक बंडीला डावीकडं बोटभर जास्त उतार द्यावा लागतो. हातच्या काकणाला आरसा कशाला? तो उतार तिथं होता.

मी बारावी सायन्स केलेली बाई. लगेच स्वतःशी वाद घातला. अगं, माणूस रोज त्यात झोपतं. अंगाचं तेल, घाम लागलेला असतो, तेवढ्या जागेची खळ कसरीला आवडली नसेल. झालं. इतकं सोपं आहे.

पटलंही मला. मग लक्षात आलं की मामा घोंगडं पांघरायचे ते खोळ करून, दुमडून. असं सपाट पसरून त्यावर ते एकदाही झोपले नव्हते.

मी दिवा बंद केला आणि दाराला कडी घातली. आत्तींना काही सांगितलं नाही.

४

पुढच्या सकाळी फोन आला. कराडच्या अलीकडं नदीत कुणी म्हातारा सापडलाय, ओळख पटवायला या. मल्हारांनी फोन ठेवला, भिंतीकडं तोंड करून शर्टाची बटणं लावली. ती वर-खाली लागली. मी काढून पुन्हा लावून दिली.

"आईला सांगू नगंस," म्हणाले.

"न्हाई सांगत."

ते गेले. मी मागच्या खोलीत गेले. जायचं नव्हतं, तरी गेले.

आकार लहान झाला होता. काल पाय लांब होते, आज गुडघे पोटाशी घेतले होते. कसर रात्रीत पुढं सरकली होती, चारी बाजूंनी, आणि आतलं माणूस आखडलं होतं. गारठ्यात आपण आखडतो तसंच. आणि पोट आणि गुडघ्यांच्या मधे, काल जिथं काहीच नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून सांगते, तिथं आणखी एक लहानसा ताठ गोळा होता. मांजराएवढा. त्याला चार पाय असावेत असं वाटलं. मी हात काढून घेतला. मामांच्या कुशीत काय शिरलंय?

खोलीत आवाज येत होता. आधी वाटलं पाऊस. मग वाटलं पंखा. पंखा तर बंद होता. कुणीतरी शेजारच्या खोलीत पातळ कागद घडी करतंय असा आवाज, आणि तो कॉटखालून येत होता. कसरीला आवाज नसतो. इतकी वर्षं मारतेय, मला माहीत आहे.

मी धावत पुढं गेले, कपाटावरचा फवारा घेतला. मागच्या आठवड्यातच आणलेला, कीड मारायचा. परत येऊन कॉटवर धरला. आता ह्या खात-खात आत गेल्या तर? उद्या गुडघे, परवा खांदा. काहीच उरलं नाही तर? माझा अंगठा बटणावर होता आणि मी रडत होते, मोठ्यानं, लाज सोडून.

"काय करतीस गं?"

आत्ती दारात उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्या कॉटपाशी आल्या, वाकल्या, आणि आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसा हात फिरवला. खांद्यावर थांबल्या. मग त्या लहान गोळ्यावर. त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज घट्ट होता.

"जित्ता हाय," म्हणाल्या. "लय गारठलाय. पर जित्ता हाय."

५

"बाजूला व्हा आत्ती. मी मारते सगळ्यांना."

"मारून काय हुतंय? धा मारशील, शंभर भितीत हायत." त्यांनी माझ्या हातातला फवारा काढून खिडकीत ठेवला. "मेंढरं कोंडलेल्या जाळीच्या वाघरीभवती लांडगा फिरत असला आन् काठी लहान असली, तर काय करायचं ठावं हाय तुला?"

"न्हाई."

"त्येला दुसरं खायाला टाकायचं. प्वाट भरलं की कळपाकडं बगत न्हाई त्यो. रात निघती. रात निघाली म्हंजे झालं."

चिंचोके त्यांनी आधीच भिजत घातलेले होते, कालच, सवयीनं. मी मिक्सर लावला. ज्या बाईनं कसरीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, तीच गॅससमोर उभी राहून कसरीचा स्वयंपाक ढवळत होती. साळूबाई काकू वरून विचारून गेल्या, कसला वास गं? म्हटलं, खळ करतेय. घरातलं माणूस गेलंय आणि ही खळ करतेय, असं तोंड करून गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

कुंचा आत्तींनी माझ्या हातात दिला. "माझा हात कापतोय. तुझा हात सरळ हाय, तू घे."

मी शिवणाचा खडू घेतला, आकाराच्या कडेनं रेघ मारली, आणि रेघेच्या बाहेर सगळीकडं खळ फासली. आत एक थेंब जाऊ दिला नाही. मामांच्या डोक्याशी, पाठीमागं, पायाशी, दाट थर. आयुष्यात इतकं सावकाश काम मी कुठल्या नवरीच्या ब्लाउजचंही केलेलं नाही. मग खिडकीला चादर लावली, दार ओढून घेतलं आणि आम्ही दोघी बाहेर भिंतीला टेकून बसलो.

दुपार असून अंधारून आलं होतं. आतून तो कागदाचा आवाज सुरू झाला. वाढत गेला. आत्ती पुटपुटत होत्या, आणि ते पुटपुटणं मंत्र नव्हतं, मेंढरांना रात्री शांत करायला घालतात ती शीळ होती, दातांतून, हलकी. मला राहवलं नाही. मी दार बोटभर उघडलं.

कॉट हलत होती असं वाटलं. हलत नव्हती. तिच्यावरून चांदी वाहत होती, कडेकडेनं, पाण्यासारखी, आणि मधे येऊन थांबत होती. अगदी रेघेवर. एकीनंही रेघ ओलांडली नव्हती. निजलेल्या माणसाच्या भोवती घरची माणसं उभी राहतात, पुढं येत नाहीत, तशा त्या कडेला थांबल्या होत्या.

एक जागा त्यांनी आणखी सोडली होती. डोक्याशी, जिथं मी स्वतःच्या हातानं खळ लावली होती आणि जिथं काहीच असायला नको होतं. तिथं कुणीतरी बसलं होतं. म्हणजे, बसल्यासारखी जागा होती. मांडी घातलेली, खांद्यावरून खाली सरळ उतरलेली, घोंगड्याची खोळ घेतल्यासारखी. हे माप मला माहीत नव्हतं. असलं माप मी कधी घेतलं नव्हतं.

मी दार लावलं. आत्तींच्या शेजारी येऊन बसले.

६

मल्हार संध्याकाळच्या आधी आले. नदीतला माणूस मामा नव्हते. एवढं सांगून ते उंबऱ्यावर बसले आणि डोकं धरलं. दुसऱ्या कुणाचं तरी घर आज बुडालं होतं आणि आम्हाला बरं वाटत होतं, त्याचीही शरम वाटत होती.

"उठा," मी म्हटलं. "आत चला."

घोंगडं बघून ते चिडले. चिडणारच. "रानी, डोस्कं फिरलंय काय तुझं? मी दोन दिस माणूस हुडकतोय आन् तुमी दोघी घोंगड्याला खळ लावत बसलाय?"

"खांदा बघा. हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. वायरमन माणूस, तारेत वीज आहे का नाही हे हात लावायच्या आधी ओळखावं लागतं. त्यांनी हात एकदम मागं घेतला.

"आता पाठ बघा," मी म्हटलं. नव्या खळीमुळं पाठीची कड स्वच्छ निघाली होती, आणि ती बघितल्यापासून मला एक गोष्ट खात होती. "माणसाची पाठ अशी नसते. कितीही वाकलं तरी मणके वर येतात, मधे खळगा पडतो. ही बघा, मानेपासून खालपर्यंत एकसारखी गोल. बाही जोडायच्या मुंढ्याचा गोल काढावा तशी. मामा कशाला तरी टेकलेत. गोल आहे ते. आतून गोल."

"टाकी?"

"टाकीत कसे जातील?"

मल्हारांनी त्या गोलावरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"पाइप," म्हणाले. "घाटाच्या रस्त्याला मोरीचं काम हाय. शिमिटाचे मोठे पाइप टाकल्यात कडंला, माणूस बसंल असले. पर तिकडं कशापायी..." आणि स्वतःच थांबले. घाटाच्या पलीकडं कोकण. तरणेपणी मामा दर साली मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आम्ही दोन दिवस खाली शोधत होतो, बाजारात, स्टँडवर, नदीला. मेंढका मागं राहिलेलं मेंढरू शोधायला बाजारात कशाला जाईल? वरच जाईल की.

शंभूराजना फोन लावतच ते बाहेर पडले.

७

ते गेल्यावर घर फार शांत झालं. कागदाचा आवाजही थांबला होता.

मला हा थांबलेला आवाज आवडला नाही. चहा ठेवला, उतू गेला, पुन्हा ठेवला. आत्ती म्हणाल्या, "बगून ये." म्हटलं, "तुमी जावा." मग दोघी गेलो, एकमेकींचा हात धरून.

घोंगडं सपाट होतं. काळंभोर, मऊ, एक करडा ठिपका नाही. खांदा नाही, गुडघे नाहीत, तो लहान गोळा नाही. सगळी खळ खाल्लेली. माझी खडूची रेघ तेवढी होती, तिच्या आत काही नव्हतं. एकही कसर दिसत नव्हती.

आत्ती मटकन खाली बसल्या. मी त्यांना धरलं. माझ्या मनात एकच, मी फवारा का नाही मारला? का ऐकलं ह्यांचं? मी त्या मऊ घोंगड्यावर दोन्ही हात ठेवले, जणू माणूस खाली कुठं गेलंय का बघावं, आणि हात ठेवल्यावर मला कळलं की जागा ऊबदार आहे. नुकतंच कुणी उठून गेल्यावर अंथरूण असतं तसं.

"आत्ती," मी म्हटलं, "उठलेत मामा. अंथरुणातून उठलं तर जागा मोकळीच दिसणार की."

"खोटं बोलू नगं."

"हात लावा. हात लावून तर बघा!"

त्यांनी हात लावला. आणि पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. मी मशीनवर आपटले, गुडघा फुटला, पण फोन घेतला. मल्हारांना बोलता येत नव्हतं. एवढा मोठा माणूस, नुसता हुंदके देत होता.

"आवं, सांगा की!"

"हाय," म्हणाले. "जित्ता हाय. आत्ताच उठवून बसवलं बग. मला म्हनला, गलका करू नगंस, बुजंल त्ये."

"काय बुजंल?"

"करडू हाय मांडीवर."

मी फोन आत्तींच्या कानाला लावला आणि भिंतीला टेकून हसले आणि रडले, दोन्ही एकदमच.

८

दवाखान्यातून चार-पाच दिवसांनी मामा घरी आले. छातीत थोडा कफ, पायाला फोड, बाकी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात, असल्या पावसात, घोंगडं नाही, काही नाही, नवलच आहे. करडाची ऊब मिळाली म्हणून वाचले. तेही खरंच असेल. करडाचा मालक वरच्या वाडीवर सापडला. तो करडू परत घेईना. म्हणाला, "ज्यानं राखलं त्येचं त्ये." ते आता आमच्या व्हरांड्यात आहे आणि कसरीनं वर्षभरात खाल्ले नाहीत एवढे फॉल त्यानं आठवड्यात खाल्ले.

घरी आले त्याच दिवशी मावळतीला मामा भिंतीसमोर उभे राहिले. माझ्या हातातली सुई थांबली. आत्तीही ताट घेऊन थांबल्या. मामांनी बोटानं मोजलं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, मग मागं वळून व्हरांड्यातल्या करडाकडं बोट केलं.

"भरली," म्हणाले. "सगळी हायत."

आणि पाटावर बसून पोटभर जेवले. स्वतःच्या हातानं. आत्ती पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

जेवण झाल्यावर मी त्यांना घोंगडं दिलं. आत्तींनी त्याला नवी खळ दिली होती आणि मी एका शब्दानं बोलले नव्हते. मामा आडवे झाले, कुशीवर, गुडघे पोटाशी. मग डोक्याशी मोकळ्या जागेकडं बघितलं आणि मला म्हणाले, "त्येला बी टाक की गं काय तरी बसाया. दोन राती बसून हुता."

"कोन, मामा?"

त्यांनी जरा विचार केला. विसरले. "राखणीला हुता," एवढंच म्हणाले आणि झोपले.

मल्हार दारात उभे होते. ते मला बाहेर घेऊन गेले आणि त्यांनी तोपर्यंत कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. पाइपापाशी पोचले तेव्हा बॅटरी मारली. मामा आत, करडू मांडीवर. बाहेर सगळीकडं चिखल, दोन दिवसांचा पाऊस, चालू होता तेव्हाही. पाइपाच्या तोंडाशी मात्र, उघड्यावर, वर काही आडोसा नसताना, माणूस मांडी घालून बसेल एवढी जमीन कोरडी होती. धूळ उडेल इतकी कोरडी. शंभूराजनंही बघितली. त्यांचं बघणं सुरू असतानाच तिच्यावर पहिले थेंब पडले.

"म्हंजे कोन उठून गेलं हुतं का?" मी विचारलं.

"मला काय म्हायती? मी बाला उचललं आन् आलो."

मी आत गेले. मामा घोरत होते. आत्तींनी त्यांच्या डोक्याशी तरट अंथरलं होतं आणि त्यावर मेंढक्यांच्या देवाचा चिमूटभर भंडारा टाकला होता. कॉटच्या पायापाशी एक कसर थांबली होती, मिशा हलवत. चप्पल माझ्या पायातच होती.

मी चप्पल काढून दाराबाहेर ठेवली. पातेल्याच्या तळाला थोडी खळ उरली होती, ती बशीत काढून कोपऱ्यात सरकवली, आणि दिवा मालवला.